राहू दे

भिंगरीने सकाळपासून चौथ्यांदा गॅसची कळ तपासली आणि आईने तेही मनात मोजलं.

काळजी करण्यात आईचा हात धरणारं कुणी नव्हतं, हे घरात सगळ्यांनाच मान्य होतं. "हिला स्वर्गात नेलं तरी ही आधी जिन्याला कठडा आहे का ते बघेल," असं बाबा म्हणायचे. पण आईच्या नेहमीच्या काळज्यांना निदान नाव असायचं. ताप, उशीर, निसरडा रस्ता. या काळजीला नाव नव्हतं, आणि दोन दिवस झाले तरी ती मानगुटीवरून उतरत नव्हती. भिंगरी दाराला कुलूप लावायची, दोन मजले उतरायची आणि परत वर येऊन ते ओढून बघायची. काल तर चहा ढवळताना तिने विचारलं, "आई, मी साखर घातली का गं?"

"आत्ताच घातलीस की. दोन चमचे."

"तू बघितलंस ना? नक्की?"

नवव्या वर्षी जिने घरातला रेडिओ उघडून परत जोडला होता आणि शेवटी एकही स्क्रू उरला नव्हता, ती पोर आता साखरेला साक्षीदार मागत होती.

भिंगरी हे नाव काही शाळेच्या दाखल्यावरचं नाही. लहानपणी एका जागी बसायची नाही म्हणून पडलं आणि चिकटलं. आता ती एकतीस वर्षांची होती आणि दिवसातला बराच वेळ लोकांच्या टेबलांखाली असायची. शहरातल्या सात लहान ऑफिसांच्या तारा तिच्याकडे होत्या. तिच्या सगळ्या पँटी गुडघ्यांवर आधी विरायच्या. खिशात क्लिपा, पट्ट्या, बोटाएवढा स्क्रूड्रायव्हर. धुवायला टाकण्याआधी आई खिसे चाचपायची, तरी वॉशिंग मशीनने आजवर दोन कनेक्टर आणि एक पेनड्राइव्ह धुऊन लख्ख केला होता.

"मुलगी काय करते?" असं कुणी विचारलं की आई सांगायची, नेटवर्कचं काम करते. बाबा पुस्ती जोडायचे, "डोक्याच्या तारा सटकलेली माणसं सांभाळण्यापेक्षा भिंतीतल्या तारा बऱ्या. घरी तिला दोन्ही करावं लागतं."

त्यातलं बोट आईकडे असायचं, आणि ते अगदीच खोटं नव्हतं. एकाला दोन असावेत, हा आईचा आयुष्यभराचा नेम होता. किल्ल्या दोन, टॉर्च दोन, छत्र्या दोन, औषधांच्या यादीच्या प्रती दोन. "नवरा तेवढा एकच ठेवलास, नशीब माझं," असं बाबा म्हणायचे. ते एकदा चार दिवसांसाठी बाहेरगावी निघताना सगळी बटणं बंद करून गेले आणि परत आल्यावर फ्रिजचं दार उघडवेना. तेव्हापासून फ्रिजच्या बटणावर, मोडेमच्या बटणावर, जिन्यातल्या दिव्याच्या बटणावर आईच्या वळणदार अक्षरातल्या चिठ्ठ्या होत्या. प्रत्येकीवर दोनच शब्द. राहू दे.

भिंगरीने आईच्या या सवयीचाच धंदा केला, असं म्हटलं तरी चालेल. ऑफिसातल्या तारा जिथे एकत्र येतात तो चपटा डबा म्हणजे स्विच. आईच्या डोळ्यांपुढे बरेच दिवस दिव्याचं बटणच यायचं, पण हा डबा वेगळा. समोर खाचांची रांग, प्रत्येक खाचेत एक तार, आणि इकडचा निरोप तिकडे पोचवणं एवढंच त्याचं काम. एका डब्याकडे जाणारी वाट तुटली तर दुसरी असावी, म्हणून भिंगरी ऑफिसांमध्ये हे डबे दोन-दोन वाटांनी जोडून द्यायची.

सातांपैकी सहा ऑफिसांमध्ये वाट तुटली तर लोक चहा प्यायला उठत. सातवं ऑफिस रुग्णवाहिकांचं होतं. आठ खुर्च्या, नऊ गाड्या आणि दिवसरात्र चालणारे फोन. ते फोनही याच तारांवरून यायचे. कुणाच्या तरी खुर्चीच्या चाकाखाली एक तार चेंगरली आणि निम्मे फोन तासभर मुके झाले, तेव्हा तिथल्या प्रमुख बाईंनी भिंगरीला बोलावलं. या बाई पूर्वी मोठ्या इस्पितळात मेट्रन होत्या. नोकरी सुटली, नाव सुटलं नाही. सगळे त्यांना मेट्रनबाईच म्हणत.

आईचा आणि मेट्रनबाईंचा परिचय विचित्र होता. दोन वर्षांपूर्वी भिंगरीला घरी यायला दीड तास उशीर झाला. आईने भावाला फोन केला, भावजयीला केला, मैत्रिणीला केला, मैत्रिणीच्या नवऱ्याला केला. त्या चौघांनी एकमेकांना केले. सगळ्यांचे फोन गुंतले, आणि "मी बरी आहे, गाडी पंक्चर झालीय," एवढं सांगायला भिंगरीला एकही लाईन मोकळी मिळेना. शेवटी आईने रुग्णवाहिकेचाच नंबर फिरवला.

"पेशंट कोण?" पलीकडून मेट्रनबाईंनी विचारलं.

"माझी मुलगी."

"काय होतंय तिला?"

"ती फोन उचलत नाहीये हो."

पलीकडे पेन खाली ठेवल्याचा आवाज आईला अजून ऐकू येतो. मग मेट्रनबाई म्हणाल्या, "बाई, ही लाईन पेशंटची. माझा स्वतःचा नंबर लिहून घ्या. पुढच्या वेळी त्यावर करा." त्या दिवशी भिंगरीने आईला शपथ घातली. माझ्या कामाच्या ठिकाणी फोन करायचा नाही, आभाळ कोसळलं तरी नाही. आईने ती पाळली. मेट्रनबाईंचा नंबर कपाटाच्या दाराला आतून चिकटवलेला होता, तो दोन वर्षं तसाच राहिला.

आता गेल्या रविवारचं. फोन कमी असतात म्हणून भिंगरीने रुग्णवाहिकांच्या ऑफिसातलं दुसऱ्या वाटेचं काम रविवारी काढलं. सकाळी गेली ती दुपार कलली तरी जेवायला आली नाही, म्हणून आई डबा घेऊन तिथे पोचली. रिसेप्शनची खोली रविवारी बंद असते. भिंगरीने तिला तिथल्या खुर्चीवर बसवलं. "इथेच बस हं. कशाला हात लावू नकोस."

"मी काय लहान आहे?"

"लहान असतीस तर सांगितलं नसतं."

डबा संपला, काम संपलं. भिंगरीने एकेक तार उपसून मेट्रनबाईंना दाखवलं, की ही काढली तरी फोन चालू, ती काढली तरी चालू. मग रिसेप्शनचा मेन बंद केला, आत जाऊन तारांच्या कपाटाची किल्ली दिली आणि दोघी घरी आल्या. गाडीवर मागे बसलेल्या आईला पोरीच्या ताठ पाठीचाही अभिमान वाटला होता.

सोमवारी सकाळी आठला रिसेप्शनच्या बाईंनी खोली उघडली आणि मेन लावला. मिनिटभरात सगळं ऑफिस मुकं झालं. निम्मं नाही, सगळं. फोन, नकाशे, गाड्यांचे निरोप, सगळं. भिंगरी तेव्हा रस्त्यावर होती. तिला निरोप पोचायला वीस मिनिटं गेली. ती गाडी कडेला घेऊन ओरडली, "रिसेप्शनचा मेन पाडा! आधी मेन पाडा!" मेन पाडला आणि फोन वाजायला लागले.

पण त्या एकवीस मिनिटांत एका घरातून नऊ वेळा नंबर फिरवला गेला होता. म्हातारे गृहस्थ, छातीत कळ. सुनेने शेवटी शेजाऱ्याची गाडी काढली. म्हातारबुवा इस्पितळात पोचले, पण अजून अतिदक्षता विभागाच्या काचेपलीकडे होते. भिंगरी दोन्ही दिवस संध्याकाळी तिथल्या बाकावर जाऊन बसत होती. कुणाला भेटत नव्हती, नुसती बसायची आणि यायची.

घरात यातलं आईला तुकड्यातुकड्याने कळलं. "एक तार नको तिथे लागलेली होती," एवढंच भिंगरी बोलली होती. कुणी लावली, या प्रश्नावर ती आपल्या हातांकडे बघायची.

आज बुधवार. अकराला मेट्रनबाईंनी तिला बोलावलं होतं. काय झालं ते लिहून आण, म्हणाल्या होत्या. टेबलावर प्लास्टिकच्या फोल्डरमध्ये तो कागद होता. भिंगरी अंघोळीला गेली तेव्हा आईने तो वाचला. "जास्तीची तार माझ्या हातून लागली असावी." त्यातल्या 'असावी'वर काट मारलेली होती. खाली लिहिलं होतं, की यापुढे मी हे काम करणार नाही, किल्ल्या सोबत परत करत आहे. बाकीच्या सहा ऑफिसांच्या किल्ल्याही फोल्डरशेजारी ओळीने मांडलेल्या होत्या.

भिंगरी केस पुसत आली.

"सगळंच सोडणार?" आईने विचारलं.

"मैत्रिणीच्या दुकानात काउंटरवर माणूस हवंय. मोबाईलची कव्हरं विकायची. चुकीचं कव्हर दिलं तर कुणी मरत नाही."

"अगं, पण तू लावलीस हे तुला आठवतंय का?"

"नाही ना आठवत! तेच तर." तिचा आवाज चिरकला. "आठवत नाही आणि लागलेली आहे. म्हणजे माझे हात मला न विचारता कामं करतात. अशा हातांनी मी कुणाच्या फोनला हात लावू?"

बाबा पेपराआडून म्हणाले, "मला एक कळत नाही. जास्तीची तार लावली तर बिघडलं कसं? तुझ्या आईच्या हिशेबाने तर जास्ती म्हणजे चांगलंच."

भिंगरीने सुस्कारा सोडला. मग मांडणीवरून तीन वाट्या काढल्या आणि आईच्या शिवणाच्या डब्यातला पिवळा दोरा घेतला. समजावून सांगायची वेळ आली की तिला राहवत नसे. आईला वाटलं, ही माझी पोर, अजून आहे शिल्लक.

"हा कपाटातला डबा. हा फोनवाल्यांच्या खोलीतला. हा रिसेप्शनचा. पहिल्यापासून दोघांकडे एकेक तार. आता या दोघांमध्ये तिसरी टाकली की झाला गोल. बरोबर? कुठलीही एक तुटली तरी दुसरीकडून वाट."

"मग चांगलंच की."

"पण गोल झाला की निरोप थांबत नाही, बाबा. हा त्याला देतो, तो याला, हा परत त्याला. एकाचे दोन, दोनाचे चार. आईने त्या दिवशी सगळ्यांना फोन केले होते ना, तसं. सगळे एकमेकांना तेच विचारतायत आणि ज्याला खरं बोलायचंय त्याला लाईन नाही."

आईने शिवणाच्या डब्यातली रिळं नीट लावायला घेतली.

"यावर तोड आहे. नवे डबे शहाणे असतात, ते एकमेकांना खुणा पाठवतात. गोल झालाय असं कळलं की एक वाट मिटून ठेवतात आणि दुसरी तुटली तरच ती उघडतात. कपाटातला नवा आहे, फोनवाल्यांचा नवा आहे, म्हणून त्या दोघांत मी दुसरी वाट रविवारीच टाकली. पण रिसेप्शनचा जुना ठोंब्या, त्या खुणा गिळून टाकतो. त्याच्या जागी नवा उद्या येणार होता. तोवर ही पिवळी तार मी फोनवाल्यांकडे लावून ठेवली आणि रिसेप्शनच्या टोकाला सुटी ठेवली. वेटोळं करून त्याच्याच डोक्यावर. वेळ आलीच तर रिसेप्शनची आधीची काढायची आणि मग ही लावायची, असं मेट्रनबाईंना लिहून दिलं होतं." तिने दोऱ्याचं मोकळं टोक तिसऱ्या वाटीच्या कडेवर ठेवलं. ते घसरून टेबलावर पडलं.

आईने ते पडताना पाहिलं.

"आणि चिठ्ठी होती गं त्यावर!" भिंगरी म्हणाली. "टोकालाच बांधली होती. वाचता येणारं कुणीही ती लावणार नाही. म्हणून तर म्हणते, मीच. निघताना, नादात."

"काय लिहिलं होतंस चिठ्ठीवर?" आईने विचारलं. स्वतःचा आवाज तिला दुसऱ्या खोलीतून आल्यासारखा वाटला.

"काय लिहिणार? राहू दे."

भिंगरी घड्याळाकडे बघून उठली. आई बसूनच राहिली, आणि तिची नजर फ्रिजच्या बटणावर गेली. पिवळा पडलेला कागद, तिचंच वळणदार अक्षर.

या घरात 'राहू दे'चा अर्थ एकच होता. चालू राहू दे. लागलेलं काढू नकोस, काढशील तर माझ्याशी गाठ आहे. भिंगरीने शब्द घरातून उचलला आणि तिकडे नेऊन त्याचा अर्थ केला, आहे तसं सुटं राहू दे. आणि घरातलं दुसरं माणूस रविवारी त्या खोलीत एकटं, खुर्चीवर बसलेलं होतं.

भिंगरी कपाटाची किल्ली द्यायला आत गेली होती. खिडकीतून ऊन येत होतं. डब्याखाली जमिनीवर एक पिवळी तार पडलेली होती, टोकाला चिठ्ठी. आईने ती उचलून वाचली. राहू दे. अगं बाई, ही तर निसटून पडली! दिवसभर पोर दोन वाटा, दोन वाटा म्हणत राबली आणि एक इथे लोळतेय. मेन बंद होता, तो तिने आधी बघून घेतला, विजेच्या बाबतीत ती फार जपून असे. डब्यात एक खाच रिकामी दिसली. टोक आत सारलं. टक्. अगदी नीट बसली. आणि आई परत येऊन खुर्चीवर बसली, हात पदराला पुसून, कशालाच हात न लावल्यासारखी.

बोटांना तो टक् आत्ता, या क्षणी, पुन्हा लागला.

"भिंगरे," ती म्हणाली.

"काय गं?" भिंगरी दारात बूट चढवत होती. फोल्डर काखेत, किल्ल्यांची पिशवी मनगटाला. तिने दाराची कडी एकदा लावली, काढली, परत लावून बघितली.

आईचं तोंड उघडलं. सांगायचं होतं ते सगळं घशापर्यंत आलं, आणि त्याच वेळी काचेपलीकडचे म्हातारबुवा आणि नऊ वेळा नंबर फिरवणारी ती सूनही आली. मी, आईला वाटलं. मी केलं ते.

"सावकाश जा," ती म्हणाली.

दार लागलं. पावलं दोन मजले खाली गेली. परत वर आली. कुलूप नव्हतंच, नुसतं दार होतं, तरी बाहेरून ओढलं गेलं. मग पावलं गेली ती गेलीच.

आई तशीच बसलेली. बाबांनी पेपर खाली ठेवला. "काय झालं? पांढरी पडलीस."

तिने सांगितलं. चार वाक्यांत. बाबांना आयुष्यात पहिल्यांदाच त्यावर विनोद सुचला नाही. ते उठले, फ्रिजपाशी गेले, चिठ्ठी बघितली आणि परत येऊन बसले.

"तिला फोन लाव," ते म्हणाले.

आईने लावला. वाजत राहिला. गाडीवर असताना भिंगरी उचलत नाही, हा नियमही आईनेच घालून दिलेला. पुन्हा लावला. वाजत राहिला. घड्याळात दहा चाळीस.

"पोचल्यावर फोन बंद करेल ती," आई म्हणाली. "आत जाईल, कागद देईल. एकदा सही करून दिला की संपलं. मग मी संध्याकाळी सांगून काय उपयोग? तिला वाटेल, आई माझ्यावर पांघरूण घालतेय. विश्वास बसायचा नाही तिचा. तिचा आता कुणावरच बसत नाही."

"मग त्या बाईंना कर."

"शपथ घातलीय तिने."

"आभाळ कोसळलं तरी नाही, असंच ना? हे आभाळ नाही, तू आहेस." मग थोडं थांबून ते हळूच म्हणाले, "पण एक सांगतो. त्या विचारतील, बाहेरच्या माणसाला त्या खोलीत एकटं बसवलंस कशाला? ते तिच्यावर येईलच."

"येऊ दे. ते खरं तरी असेल. खऱ्या चुकीचं ओझं माणूस उचलतो हो. हे दुसऱ्याचं ओझं आहे, आणि तिला ते आपल्या हातांचं वाटतंय." आई कपाटाकडे निघाली होती. "माझ्यावर काय व्हायचं ते होवो. त्या सुनेलाही मी भेटेन. पण माझ्या पोरीने जन्मभर गॅसची कळ तपासत बसायची, हे होणार नाही."

कपाटाचं दार उघडलं. आतल्या बाजूला, औषधांच्या यादीच्या दुसऱ्या प्रतीखाली, तो नंबर होता. दोन वर्षांत एकदाही न वापरलेला. पेशंटची लाईन न अडवणारा.

एकेक आकडा ती मोठ्याने वाचत दाबू लागली. बाबांनी फोन खालून धरला.

"त्या आधी विचारतील बघ," ते म्हणाले. "पेशंट कोण?"

"विचारू देत," आई म्हणाली, आणि शेवटचा आकडा दाबला.